संदर्भांची मोजणी आणि संशोधनाचे मोल

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे लेख पाठविणारे तरुण अभ्यासक सोबतच्या पत्रात एक प्रश्न हमखास विचारतात : "आपल्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती आहे?" विचारणाऱ्यांपैकी कित्येकजण आपल्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेले पहिलेच असतात. अध्यापकपदाची मुलाखत, पदोन्नती वा शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी त्यांना हा आकडा हवा असतो. आमचे उत्तर एका ओळीचे आहे : आमच्या नियतकालिकाला असा अंक नाही. परंतु एवढे सांगून प्रश्न संपत नाही. हा अंक म्हणजे काय, तो कोणी व कशासाठी निर्माण केला, तो कसा काढतात आणि त्यातून काय कळते व काय कळत नाही, याची जाण नसेल तर अभ्यासकाला एक तर निष्कारण न्यूनगंड वाटतो, किंवा तो खोटे अंक विकणाऱ्यांच्या जाळ्यात सापडतो. म्हणून या विषयाची साधार ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे. इंग्रजीतील 'इम्पॅक्ट फॅक्टर' या संज्ञेसाठी आम्ही येथे 'प्रभावांक' हा शब्द वापरीत आहोत.

संदर्भ कशासाठी?

संशोधक आपल्या लेखात पूर्वीच्या ज्या ग्रंथांचा वा लेखांचा निर्देश करतो, त्यास संदर्भ म्हणतात. आपले विधान कशावर आधारलेले आहे हे सांगणे आणि वाचकाला त्या आधारापर्यंत स्वतः जाऊन पडताळा घेता यावा अशी सोय करणे, हे संदर्भाचे मूळ प्रयोजन होय. आमच्या वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण ठाऊक असेल. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्यातील वचनांचे पाली साहित्यातील आधार शोधून जोडले. त्यामुळे अभ्यासकांना मूळ सुत्तांपर्यंत पोहोचणे सुकर झाले. संदर्भ म्हणजे असा एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथाकडे जाणारा रस्ता असतो.

हा रस्ता सामान्यतः मागे जातो. आजचा लेखक कालच्या लेखकाकडे बोट दाखवितो. परंतु कालच्या लेखाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला, हे त्या लेखात कसे कळणार? संदर्भांच्या मोजणीचा सारा इतिहास या उलट्या दिशेच्या प्रश्नातून सुरू झाला आहे.

कायद्याच्या पुस्तकातून विज्ञानाकडे

हा प्रश्न प्रथम वकिलांना पडला. न्यायालयाचा एखादा जुना निवाडा आधारास घ्यावयाचा, तर तो पुढील निवाड्यांत मान्य झाला, मर्यादित केला गेला की फिरविला गेला, हे ठाऊक असणे अनिवार्य असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८७३ साली फ्रँक शेपर्ड यांनी अशा पुढील निवाड्यांची नोंद असलेल्या, डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकण्यास आरंभ केला. वकील त्या आपल्या पुस्तकाच्या समासात चिकटवीत. पुढे त्यातूनच निवाड्यांची मोठी सूची तयार झाली.

संदर्भांवरून नियतकालिकांची तुलना करण्याचा एक प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न १९२७ सालचा आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाचे ग्रॉस व ग्रॉस यांच्यापुढे साधी अडचण होती : लहान महाविद्यालयाच्या तुटपुंज्या निधीतून रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९२६ सालच्या खंडात कोणत्या नियतकालिकांचे संदर्भ किती वेळा आले आहेत, हे त्यांनी मोजले. त्यात जर्मन नियतकालिकांचा वाटा इतका मोठा निघाला की, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने जर्मन वाचावयास शिकले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या मोजणीने परक्या भाषेतील ज्ञानाकडे दार उघडले होते. पुढे याच मोजणीने भाषांची दारे कशी बंद होत गेली, ते यथावकाश पाहू.

या दोन धाग्यांना एकत्र आणण्याचे श्रेय यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांना द्यावे लागते. वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचीकरणाचे काम करीत असलेल्या गारफील्ड यांना १९५३ साली विल्यम अडेर या गृहस्थांनी पत्र पाठवून शेपर्ड यांच्या सूचीकडे लक्ष वेधले. १९५५ साली गारफील्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून विज्ञानासाठी तशीच संदर्भसूची असावी, असे सुचविले. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैज्ञानिक माहितीसंस्था स्थापन केली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची नियमित प्रसिद्ध होऊ लागली. या सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी गारफील्ड व त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी जे गणित बसविले, तोच प्रभावांक. १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' या वार्षिक अहवालात तो प्रसिद्ध होऊ लागला. ती संस्था १९९२ साली थॉमसन समूहाकडे गेली आणि २०१६ पासून हे काम क्लॅरिव्हेट ही कंपनी करते.

येथे एक मुद्दा ठळकपणे सांगितला पाहिजे. ग्रंथपालाने काय विकत घ्यावे आणि सूचीकाराने काय समाविष्ट करावे, एवढ्यासाठी हे माप घडविले गेले. माणसाची विद्वत्ता मोजणे हे त्याचे काम नव्हते. दुसरे असे की, शेपर्ड यांच्या सूचीत निवाडा मान्य झाला की फिरविला गेला, याची खूण असे. प्रभावांकाच्या मोजणीत ती खूण उरली नाही. एखाद्या लेखातील चूक दाखविण्यासाठी केलेला संदर्भ आणि त्याचा गौरव करण्यासाठी केलेला संदर्भ, दोन्ही तेथे सारखेच एक गणले जातात.

प्रभावांक कसा काढतात?

गणित सोपे आहे. २०२४ सालचा प्रभावांक काढावयाचा असेल तर, नियतकालिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत जे प्रसिद्ध केले त्याचे २०२४ सालात किती वेळा संदर्भ आले, ती संख्या घ्यावयाची आणि त्या दोन वर्षांतील लेखांच्या संख्येने तिला भागावयाचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका त्रैमासिकाने २०२२ मध्ये २४ व २०२३ मध्ये २६, असे ५० लेख छापले. २०२४ मध्ये त्यांचे ७५ संदर्भ आले. ७५ भागिले ५० म्हणजे १.५ हा त्याचा प्रभावांक.

या साध्या भागाकारात काही बारकावे दडलेले आहेत. भागाकाराच्या वरच्या बाजूस संपादकीये, वाचकांची पत्रे अशा कोणत्याही मजकुराला मिळालेला संदर्भ धरला जातो, तर खालच्या बाजूस केवळ संशोधनलेख व आढावालेख मोजले जातात. त्यामुळे कोणता मजकूर 'लेख' मानावयाचा, यावर अंक वरखाली होतो. शिवाय मोजले जाणारे संदर्भ हे त्या कंपनीच्या सूचीत समाविष्ट असलेल्या साहित्यातीलच असतात. सूचीबाहेरच्या एखाद्या मराठी ग्रंथाने वा नियतकालिकाने दिलेला संदर्भ, तो कितीही मोलाचा असला तरी, या हिशेबात येत नाही.

याच कल्पनेची इतर रूपेही आता प्रचारात आहेत. एल्सव्हिअर कंपनीच्या, २००४ साली सुरू झालेल्या 'स्कोपस' या सूचीवर आधारलेला 'साइटस्कोअर' २०१६ पासून प्रसिद्ध होतो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्ष यांनी २००५ साली 'एच-निर्देशांक' सुचविला. किमान १० वेळा संदर्भिले गेलेले १० लेख असतील तर तो १०, असा त्याचा अर्थ. तो व्यक्तीसाठी सुचविला गेला, पण पुढे नियतकालिकांसाठीही वापरला जाऊ लागला. काही मापांत, ज्या नियतकालिकातून संदर्भ आला त्याच्या स्वतःच्या वजनानुसार तो संदर्भ कमी-अधिक मोलाचा धरतात. गणिते निराळी असली तरी मूळ गृहीतक एकच आहे : ज्याचा निर्देश अधिक, त्याचा प्रभाव अधिक.

सरासरीची फसवणूक

आमच्या कल्पित त्रैमासिकाकडे पुन्हा वळू. ७५ संदर्भांपैकी ६० संदर्भ एकाच लेखाला मिळालेले असतील, तर उरलेल्या ४९ लेखांच्या वाट्याला मिळून १५ संदर्भ येतात. तरीही प्रभावांक १.५ हाच राहतो आणि ज्या लेखाचा कोणीही उल्लेख केला नाही त्याचा लेखकही तो अंक आपल्या अर्जात लिहितो. गावात एक जमीनदार व उरलेले भूमिहीन असावेत आणि सरासरी काढून प्रत्येकाला दोन एकर जमीन आहे असे म्हणावे, तसाच हा प्रकार होय.

हे केवळ कल्पनेतले नाही. नॉर्वेचे संशोधक पेर सेग्लेन यांनी १९९२ साली दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या लेखांपैकी सर्वाधिक संदर्भिल्या गेलेल्या १५ टक्के लेखांनाच एकूण संदर्भांपैकी निम्मे मिळालेले होते. त्याहून बोलके उदाहरण स्फटिकशास्त्रातील 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका – विभाग अ' या नियतकालिकाचे आहे. २००८ साली त्याचा प्रभावांक सुमारे २ होता. २००९ साली तो एकदम ४९.९ झाला. कारण एकच : जॉर्ज शेल्ड्रिक यांचा 'शेलेक्स' या संगणकीय प्रणालीच्या इतिहासाविषयीचा २००८ मधील लेख. ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्या लेखाचा संदर्भ दिला. दोन वर्षांची मुदत उलटल्यावर २०११ साली अंक पुन्हा सुमारे २ वर आला. दरम्यान त्या नियतकालिकातील इतर लेखांच्या गुणवत्तेत काहीही पालट झालेला नव्हता.

दोन वर्षांची खिडकी

दुसरी मर्यादा काळाची. जेथे नवा शोध काही महिन्यांत जुना होतो, त्या जीवरसायनशास्त्रासारख्या विषयांना दोन वर्षांची मुदत सोयीची आहे. गणितात वा इतिहासात लेख वाचला जाण्यास, पटण्यास आणि त्यावर उत्तर लिहिले जाण्यास अनेक वर्षे लागतात. पाली व बौद्ध विद्येत तर शंभर वर्षांपूर्वीच्या संहितासंपादनाचा संदर्भ आजही नित्य दिला जातो. शिवाय या विषयांत ग्रंथांना नियतकालिकांइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व असते. म्हणूनच दोन विषयांतील नियतकालिकांचे प्रभावांक शेजारी ठेवून तुलना करणे सर्वथा चुकीचे ठरते. पुढे पाच वर्षांचा प्रभावांकही देण्यात येऊ लागला, पण प्रतिष्ठा दोन वर्षांच्या अंकालाच राहिली.

या मर्यादेचे स्वरूप समजण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात २५ वर्षे वयाच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला. त्या काळी आजचे माप असते तर या निबंधाचे केवळ १९१८ व १९१९ या दोन वर्षांतील संदर्भ नियतकालिकाच्या खात्यावर जमा झाले असते. १९२० नंतर जगात कोठेही, कितीही वेळा त्याचा निर्देश झाला असता, तरी प्रभावांकाच्या दृष्टीने तो शून्यवत होता. प्रत्यक्षात काय झाले? 'इंडियन अँटिक्वरी' १९३३ साली बंद पडले. निबंध मात्र टिकला. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात त्याला स्थान मिळाले आणि जातिसंस्थेचा अभ्यास करणारे विद्वान एका शतकानंतरही त्याच्याशी वाद-संवाद करीत आहेत. प्रभावांक हा लवकर दखल घेतली जाण्याचे माप आहे, दीर्घकाळ टिकण्याचे नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तिसरी मर्यादा भाषेची. जागतिक सूचींत इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. आमच्या प्रदेशातील लेणी, शिलालेख, पाणवठे, जमीनधारणा यांविषयीचे संशोधन मराठीत झाले, तर ज्यांच्या जीवनाशी त्याचा संबंध आहे ते लोक ते वाचू शकतात. पण त्या सूचीच्या लेखी ते बहुधा अस्तित्वातच नसते. कला व मानव्य विद्यांची स्वतंत्र संदर्भसूची १९७८ पासून असली तरी तीतील नियतकालिकांना अधिकृत प्रभावांक देण्यास २०२३ सालीच प्रारंभ झाला. त्यापूर्वीच्या अर्धशतकात या सूचीपुरत्याच राहिलेल्या नियतकालिकांना तो अंक नव्हता. त्या सर्वांतील संशोधन निकस होते, असे कोणीही म्हणणार नाही.

माप हेच ध्येय झाले म्हणजे

मापावर माणसाची नोकरी अवलंबून राहू लागली की माणसे मापच वाकवू लागतात. संपादक लेखकांना आमच्याच नियतकालिकातील लेखांचे संदर्भ घाला, असे सुचवितात. काही नियतकालिके संगनमताने एकमेकांचे संदर्भ वाढवितात. २०१३ साली अशा कारणावरून ब्राझीलमधील चार नियतकालिके वार्षिक अहवालातून निलंबित झाली. 'फोलिया फोनियाट्रिका एट लोगोपेडिका' या वाचाशास्त्राच्या नियतकालिकाने तर २००७ साली निषेध म्हणूनच एक संपादकीय छापले. त्यात मागील दोन वर्षांतील आपल्या सर्व लेखांचे संदर्भ दिले होते. प्रभावांक सुमारे ०.६६ वरून १.४४ झाला. माप किती सहज फुगविता येते, हे त्यांनी उघडपणे दाखवून दिले.

आपल्या देशातील अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनलेखाच्या मूळ गुणांवर, प्रभावांक नसलेल्या संदर्भित नियतकालिकासाठी अतिरिक्त ५, तर १० हून अधिक प्रभावांक असलेल्यासाठी अतिरिक्त ३० गुणांची तरतूद होती. ज्या विषयांत १० हा प्रभावांक गाठणे जवळजवळ अशक्यच, त्या विषयाच्या अभ्यासकाची स्थिती या कोष्टकात काय होणार, हे वेगळे सांगावयास नको. लेख छापून आणण्याची सक्ती वाढली, तसतशी पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिके उदयास आली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील संशोधकांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी करून २०१८ साली दाखविले की, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असण्याचा संभव आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर त्याच विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविली.

येथेच खरा धोका आहे. 'जागतिक', 'आंतरराष्ट्रीय' अशी भारदस्त विशेषणे लावून प्रभावांकासारखे दिसणारे आकडे विकणारे अनेकजण निर्माण झाले आहेत. शुल्क भरले की नियतकालिकाला आकडा मिळतो. तो आकडा मुखपृष्ठावर छापून नियतकालिक लेखकाकडून शुल्क घेते. अखेरीस भुर्दंड पडतो तो शिष्यवृत्तीतून पैसे साठविणाऱ्या विद्यार्थ्याला. त्याचे पैसे जातात आणि त्याचा लेखही वाया जातो, कारण एकदा छापलेला लेख चांगले नियतकालिक पुन्हा स्वीकारीत नाही.

मग पारख कशी करावी?

या दुरुपयोगाविरुद्ध विद्वज्जगातूनच आवाज उठला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे डिसेंबर २०१२ मधील बैठकीतून तयार झालेल्या आणि मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने, नेमणूक, पदोन्नती वा अनुदान यांसाठी नियतकालिकाचा प्रभावांक हे व्यक्तीच्या संशोधनाचे माप मानू नये, असे आवाहन केले. एप्रिल २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांत, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण व्हावे, हे एक तत्त्व आहे. आकड्याने तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असाही त्याचा आग्रह आहे. खुद्द गारफील्ड यांनी प्रभावांकाची तुलना अणुऊर्जेशी केली होती. वापरणाऱ्याच्या हाती तो वरदान वा संकट ठरतो, असा त्याचा आशय.

आम्हीही हे माप सर्वस्वी निरुपयोगी मानीत नाही. एकाच विषयातील, एकाच भाषेतील नियतकालिकांची स्थूल तुलना करण्यास आणि ग्रंथालयाची खरेदी ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या निवडीपेक्षा उघड आकडा बरा, हा युक्तिवादही आम्हास समजतो. ज्यांची ओळख कोणाशीच नाही अशांना तर तो अधिक जवळचा वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या सूचीच्या दारातच भाषा अडविली जाते, तिचा आकडा निःपक्षपाती आहे असे समजणे ही भाबडी समजूत होय.

तरुण अभ्यासकांना आमचे सांगणे असे. लेख पाठविण्यापूर्वी नियतकालिकाचे मागील तीन-चार अंक ग्रंथालयात बसून वाचावेत. त्यांतील लेखांतून आपण काही शिकलो का, हे स्वतःस विचारावे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयाच्या जाणकार आहेत का आणि लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो का, याची चौकशी करावी. प्रभावांक सांगितला जात असेल तर तो कोणाचा, हे पाहावे. मूळ प्रभावांक केवळ 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्ये असतो. 'साइटस्कोअर' स्कोपसच्या सूचीत कोणालाही विनामूल्य पाहता येतो. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी, हे लक्षण दिसताच दूर राहावे. ज्यांच्या हाती निवडीचे अधिकार आहेत त्यांना आमची विनंती एवढीच की, उमेदवाराच्या यादीतील सर्व आकडे बाजूस ठेवून त्याने निवडलेले दोन लेख तरी वाचावेत.

आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकांस आम्ही आता पूर्ण उत्तर देऊ शकतो. या नियतकालिकाला प्रभावांक नाही. आकडा विकत घेऊन तो मुखपृष्ठावर छापण्याचे आम्ही कटाक्षाने टाळले आहे. आपला लेख येथे आला तर तो विषयाचे जाणकार वाचतील, त्यातील प्रत्येक आधार पडताळून पाहतील, चुका असतील तर त्या कळवितील आणि छापला गेला तर तो आपल्या भाषेच्या वाचकांच्या हाती जाईल. त्याचा निर्देश पुढे कोण करील आणि केव्हा, हे आम्हास आज सांगता येणार नाही. १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'च्या संपादकांनाही ते सांगता आले नसते.